दारूच्या गाडीचं स्वप्न विकता, तर परवाना कोणाच्या नावावर तेही सांगा

प्रति,
परदेशी व्यवसाय आणि व्हिसा सल्लागार,
नागपूर

नमस्कार.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात तुमच्यापैकी एका कार्यालयाचा सेमिनार झाला. पडद्यावर बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावरची रंगीत व्हॅन होती. तिच्या उघड्या बाजूला बाटल्यांची रांग, वर दिव्यांची माळ, समोर गोरे पर्यटक. ‘दुकान नको, पगडी नको, गाडी उभी करा आणि कमवा,’ असं सांगणं चाललं होतं. ऐकायला बसलेली बहुतेक मुलं पंचविशीच्या आतबाहेरची होती. हॉटेल मॅनेजमेंट केलेली, धरमपेठेत नाही तर वर्धा रोडवरच्या बारमध्ये काउंटरमागे उभं राहून हात बसलेली. मी मागच्या रांगेतून एकच प्रश्न विचारला, की दारूविक्रीचा परवाना कोणाच्या नावावर असेल? उत्तर आलं, ‘ते तिथं गेल्यावर होऊन जाते, काकाजी. आपला माणूस आहे तिथं.’

त्या उत्तरामुळे हे पत्र लिहितो आहे, आणि ते तुम्हाला एकांतात न पाठवता सगळ्यांसमोर ठेवतो आहे. कारण ज्यांनी ते वाचायला हवं, ती पोरं आणि त्यांचे आईबाप तुमच्या कार्यालयाच्या बाहेर आहेत.

आधी माझा संबंध सांगतो. मी राज्य उत्पादन शुल्क विभागात दुय्यम निरीक्षक होतो, तिथूनच निवृत्त झालो. परवाने तपासण्यात आणि गाड्या अडवण्यात माझी नोकरी गेली. आणि माझ्या धाकट्या भावाच्या मुलाला तुमच्याकडचं हेच पॅकेज विकलं गेलं होतं. काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे. तिच्यातला भावाच्या वाट्याचा तुकडा विकून पैसे उभे केले. पावती मिळाली ती ‘बिझनेस असिस्टन्स’ या नावाची, तीही निम्म्याच रकमेची. बाकीचे रोख घेतले. पोरगा पर्यटक म्हणून गेला. तिथं एक कंपनी होती, तिच्यात दोन थाई भागीदार होते, ज्यांचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नाही, आणि गाडी तिसऱ्याच एका बाईच्या नावावर होती. एका संध्याकाळी तो काउंटरमागे उभा असताना पोलिसांनी वर्क परमिट मागितलं. त्याच्याजवळ पासपोर्ट होता, दुसरं काही नव्हतं. कोठडी झाली, दंड झाला, मग इमिग्रेशनच्या ताब्यातून परतीचं विमान. गाडी तिथंच राहिली. मला म्हणाला, ‘मोठेबाबा, मी चोरी नव्हतो करून राहिलो. कामच करत होतो ना.’

भावानं पैसे परत मागितले तेव्हा त्याला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आल्या. आमचं काम मार्गदर्शनाचं, पुढची जबाबदारी क्लायंटची. यानंतर तरी ते पॅकेज बंद होईल असं वाटलं होतं. उलट त्याच कार्यालयानं नवी बॅच काढली.

म्हणून तुमच्याबद्दलच्या माझ्या तक्रारी उघडपणे मांडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की दारूचा परवाना काय चीज असते हे तुम्ही या मुलांना सांगतच नाही. चहाची टपरी आणि दारूचा गल्ला यांतला फरक कायद्यानं केला आहे. दारूचा परवाना माणसाबरोबर जागेलाही बांधलेला असतो. आपल्याकडे परमिट रूमचा एफएल-३ घ्या. कुठला गाळा, त्याचा नकाशा काय, दार कुठल्या बाजूला, शाळा आणि देऊळ किती अंतरावर, हे सगळं पाहून तो मिळतो. जागा बदलायची तर पुन्हा अर्ज. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं महामार्गापासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले, तेव्हा परवाने खरे होते, फी भरलेली होती, मालकही तेच होते. नडलं ते फक्त जागेचं. वर्धा रोडवरच्या कितीतरी लोकांना ते दिवस आठवत असतील.

आता ही जागाच चाकांवर चढवली तर काय होतं, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१. या सगळ्या काळात दारू गाड्यांतूनच गेली. दुधाच्या कॅनमधून, भाजीच्या क्रेटखालून, सीटच्या पोकळीतून. बुटीबोरीच्या पुढं नाक्यावर उभं राहून मी ते पाहिलं आहे. गाडीतून विकणाऱ्याची वेळ तपासता येत नाही, गिऱ्हाईकाचं वय तपासता येत नाही, उद्या तो कुठे सापडेल हेही माहीत नसतं. म्हणून फिरत्या गाडीतून दारू विकायची म्हटली की बहुतेक देशांचा कायदा आधी नाही म्हणतो आणि मग अपवाद सांगतो. त्या अपवादात आपला मुलगा बसतो की नाही, एवढंच पाहायचं असतं. तुम्ही तेवढंही पाहत नाही.

थायलंडचंच घ्या, कारण तुमचं सगळ्यात खपणारं पॅकेज तेच आहे. तिथं परदेशी माणसापुढे एकामागे एक तीन कायदे उभे आहेत.

१९९९ चा परदेशी व्यवसाय कायदा सांगतो, की ज्या कंपनीत निम्मे किंवा त्याहून जास्त भाग परदेशी माणसाचे आहेत, ती परदेशी कंपनी. खाद्यपेयांची विक्री आणि लहान भांडवलाची किरकोळ विक्री हे धंदे अशा कंपनीला खास परवानगीशिवाय बंद आहेत. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, १ लाख ते १० लाख बात (तिथलं चलन) दंड, किंवा दोन्ही. यातून सुटण्यासाठी तुम्ही जे थाई भागीदार ‘अरेंज’ करून देता, म्हणजे नाव त्यांचं आणि पैसा आपल्या पोराचा, त्याचीही वेगळी तरतूद त्याच कायद्यात आहे. नाव उसनं देणारा आणि घेणारा, दोघांनाही तितकीच शिक्षा. तुम्ही ज्याला सोय म्हणता, तो तिथं स्वतंत्र गुन्हा आहे.

दुसरा कायदा कामाचा. परदेशी माणसानं करू नयेत अशा कामांची यादी थायलंडनं केली आहे आणि तिच्यात फिरून माल विकण्याचं काम आहे. कंपनीत त्याचा भाग असला तरी वर्क परमिटशिवाय काउंटरमागे उभं राहता येत नाही. वर्क परमिटसाठी साधारणपणे एका परदेशी माणसामागे २० लाख बात भांडवल आणि चार थाई नोकर दाखवावे लागतात. एका व्हॅनच्या धंद्यात चार थाई नोकर आणि वर हा पाचवा! सेमिनारमधल्या नफ्याच्या तक्त्यात या चार पगारांची ओळच नव्हती. विनापरवाना काम करताना सापडला तर ५ हजार ते ५० हजार बात दंड, हकालपट्टी, आणि पुढची दोन वर्षं वर्क परमिटसाठी दार बंद. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडनं भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. तो फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. त्यावर धंद्याला पाठवणारा माणूस पहिल्या दिवसापासून पोराला गुन्ह्यात उभं करतो.

तिसरा, खुद्द दारूचा. २००८ च्या मद्य नियंत्रण कायद्यात फिरून दारू विकायला स्पष्ट मनाई आहे. तिथं विक्रीच्या वेळा बांधलेल्या आहेत, वीस वर्षांखालच्यांना विकायची नाही, बौद्ध सणांच्या ठरावीक दिवशी बंदी, आणि देवळं, शाळा, दवाखाने, पेट्रोल पंप, सार्वजनिक बागा या जागा वर्ज्य. हे सगळं ज्याला थाई वाचता येत नाही अशा मुलानं सांभाळायचं आहे.

‘पण काकाजी, आम्ही डोळ्यांनी पाहिल्या ना गाड्या,’ असं तुमच्यापैकी एकानं मला ऐकवलं. मीही नाकारत नाही. गाड्या आहेत. त्या तिथल्या लोकांच्या आहेत. थाई माणूस पकडला गेला तर दंड भरतो आणि आपल्या घरी जातो. आपल्या पोरावर त्याच जागी दारूचा गुन्हा लागतो, धंद्याचा लागतो आणि कामाचाही लागतो, आणि घरी जाण्याऐवजी त्याला देशाबाहेर काढतात. हा फरक पडद्यावरच्या व्हॅनच्या फोटोत दिसत नाही. तो सांगणं तुमचं काम आहे, त्याचेच तर तुम्ही पैसे घेता.

लंडनच्या पॅकेजबद्दल थोडक्यात. इंग्लंडमध्ये लग्नांना आणि जत्रांना घोड्यांच्या जुन्या ट्रेलरमधून बार चालवणारे लोक खरोखर आहेत, आणि तो सरळ, कायदेशीर धंदा आहे. पण तिथल्या २००३ च्या परवाना कायद्याचं कलम १५६ चालत्या गाडीतून दारू विकायला मनाई करतं. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि दंडाला आता वरची मर्यादा नाही. गाडी उभी करायची, ती ज्या जागेवर उभी आहे त्या जागेचा परवाना घ्यायचा, किंवा तेवढ्यापुरती तात्पुरत्या कार्यक्रमाची नोटीस द्यायची. त्या नोटिशीत एका वेळी जास्तीत जास्त ४९९ माणसं आणि सलग १६८ तास. पुन्हा जागाच आली. शिवाय एप्रिल २०१७ पासून ज्याला तिथं काम करायचा हक्क नाही त्याला दारूविक्रीचा वैयक्तिक परवाना मिळत नाही. आणि तुम्ही मुलांना पाठवता विद्यार्थी व्हिसावर. त्या व्हिसावर स्वतःचा धंदा करायला बंदी आहे, हे व्हिसाच्या अटींतच लिहिलेलं असतं.

आखाताबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. तिथं ‘मोबाइल बार’ असं नाव कोणी देत नाही. ‘ड्रायव्हर कम डिलिव्हरी, कमिशन वेगळं’ असं सांगतात. सौदी अरेबियात १९५२ पासून दारूबंदी. कुवेतमध्ये बंदी. शारजामध्ये बंदी, आणि शेजारच्या अमिरातीत दारू मिळते म्हणून गाडीतून ती शारजात आणून कामगारांच्या वस्त्यांत विकण्याचा धंदा जुना आहे. त्या धंद्याच्या भांडणातून २००९ च्या जानेवारीत शारजात एका पाकिस्तानी माणसाचा खून झाला आणि २०१० साली १७ भारतीय तरुणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. बहुतेक पंजाबचे होते. पुढे मृताच्या कुटुंबाला रक्ताची भरपाई देऊन त्यांची सुटका झाली, पण तोवर त्यांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये कुवेतमध्ये विषारी दारूनं वीसहून जास्त माणसं मेली, त्यांत बहुतेक आशियातले कामगार. असा माल ज्या गाडीतून फिरतो, तिच्या चालकाच्या जागी नागपूरचा मुलगा बसवणं हे कोणत्या अर्थानं ‘करिअर’ होतं? गाडी त्याची नाही, माल त्याचा नाही, नफा त्याचा नाही. तुरुंगवास तेवढा त्याचा.

पैशांबद्दलची तक्रार मी वेगळी मांडतो, कारण इथं तुम्ही कायद्याच्या फटीत उभे आहात आणि तुम्हाला ते पक्कं ठाऊक आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. त्याला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधता येतं, तक्रार करता येते. तुम्ही पावतीवर नोकरी लिहीत नाही, ‘बिझनेस’ लिहिता. एवढ्या एका शब्दानं नोंदणी टळते, मर्यादा टळते, तक्रारीची खिडकी बंद होते. मग ३० हजारांच्या ठिकाणी शेताचा तुकडा घेतला तरी विचारणारा कोणी राहत नाही. प्रत्यक्षात मुलगा तिथं दुसऱ्याच्या गाडीवर, दुसऱ्याच्या कंपनीसाठी, दुसऱ्याच्या सांगण्यावरून उभा असतो. ती नोकरीच आहे.

वर रोख रक्कम. भारतातून परदेशी कंपनीत पैसे गुंतवायचे तर ते बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी, फॉर्म भरूनच जातात. तसे गेले असते तर आज भावाच्या हातात निदान कागद असता. रोख घेतलेल्या पैशाचा पाठलाग पोलीसही करू शकत नाहीत. ज्या घरानं जन्मात पासपोर्ट पाहिला नव्हता, त्या घराला ‘पैसे तिकडे आमच्याकडून पोहोचतील’ असं सांगणं हा विश्वासघात आहे.

आणि एक गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. ही मुलं आळशी नाहीत. माझा पुतण्या पहाटे तीनला बार बंद करून सायकलवर मानेवाड्याला यायचा आणि सकाळी इंग्रजीचा क्लास करायचा. त्याच्या हातात कसब आहे. थायलंडमधल्या मोठ्या हॉटेलात, कंपनीच्या वर्क परमिटवर, तो रीतसर कामाला लागू शकला असता. दुबईच्या परवानाधारक हॉटेलांतही आपली कितीतरी माणसं इज्जतीनं बारची कामं करतात. रीतसर रस्ता होता, पण त्यात तुमचा वाटा ३० हजारांवर थांबला असता.

आता मागण्या. त्या मी जमतील तितक्या साध्या ठेवल्या आहेत.

मुलाकडून एक रुपया घेण्याआधी त्याला मराठीत, सहीशिक्क्यासह, एक कागद द्या. त्यावर लिहा, की तो कोणत्या व्हिसावर जाणार, वर्क परमिट कोण काढणार, दारूचा परवाना कोणत्या कायद्याखाली, कोणाच्या नावावर आणि कोणत्या जागेचा, कंपनीत आणखी कोण भागीदार आणि त्यांचा खरा पैसा किती. एखादी ओळ भरता येत नसेल तर ते पॅकेज विकू नका.

परवाना आणि वर्क परमिट हातात पडेपर्यंत कागदपत्रांच्या प्रत्यक्ष खर्चापलीकडे काही घेऊ नका. जे घ्याल ते बँकेतून घ्या, पूर्ण रकमेच्या पावतीवर.

पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून पाठवून दारू विकायला उभं करणं आजपासून बंद करा. आखातातली दारूची ‘डिलिव्हरी’ तर बोलण्याच्याही पलीकडची आहे. तिची जाहिरात नागपुरात कुठेही दिसली तर मी स्वतः पोलिसांत जाईन.

ज्यांना आधीच पाठवलंत आणि जे हात हलवत परत आले, त्यांचे पैसे परत करा. एकदम जमत नसेल तर हप्त्यांनी करा, पण लेखी कबुली द्या.

या पत्राची प्रत जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त आणि परदेशी नोकरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेले मुंबईचे अधिकारी, म्हणजे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, यांना पाठवतो आहे. त्यांच्याकडेही मागणं आहे. नागपुरात परदेशी व्यवसायाच्या नावानं पैसे घेणाऱ्या कार्यालयांची यादी करावी, त्यांतली नोंदणीकृत कोणती हे पासपोर्ट कार्यालयाच्या आणि हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजांच्या फलकावर मराठीत लावावं. १९८३ चा कायदा जाऊन नवा यावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयानं २०२५ मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला होता. ‘व्यवसाय पॅकेज’ म्हणून पाठवलेला माणूस नव्या कायद्यातही बाहेरच राहिला, तर ही फट आणखी कित्येक वर्षं तशीच राहील. त्याला आतच घ्यायला हवं.

कॉलेजांच्या प्राचार्यांनाही एक विनंती. कॅम्पसवर सेमिनारला सभागृह देण्याआधी वर सांगितलेला कागद मागा. नसेल तर सभागृह देऊ नका.

तुमच्यातले सगळे एकसारखे नाहीत, हे मला माहीत आहे. विद्यार्थ्यांची कामं सरळपणे करणारी कार्यालयं याच शहरात आहेत. त्यांनी या पत्राला जाहीर पाठिंबा दिला तर मला आनंदच होईल. आणि ज्यांना वाटतं की मी कायदा चुकीचा मांडला, त्यांनी त्यांच्या पुढच्या सेमिनारला मला बोलवावं. मी कलमं घेऊन येतो, तुम्ही परवाना घेऊन या. मुलांसमोर दोन्ही वाचू.

ज्या घरात आज अशा पॅकेजची बोलणी चालू आहेत, त्यांनी करारनामा माझ्याकडे आणावा. मी वाचून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. आगाऊ रक्कम देण्याच्या आधी आणा, एवढंच.

आपला,
एक निवृत्त दुय्यम निरीक्षक, राज्य उत्पादन शुल्क
नागपूर